वाट बंद, वाट खुली : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील यात्रा-व्यवसायाचा इतिहास

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा आज मोटारी, दुचाक्या आणि त्यांचे सुटे भाग यांच्या उत्पादनासाठी ओळखला जात असला, तरी कारखान्यांची धुराडी उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून येथील अनेक घरांची चूल वाटसरूंवर पेटत आली आहे. पवनेकाठचे चिंचवड आणि इंद्रायणीकाठची देहू व आळंदी ही तीन क्षेत्रे एकमेकांपासून एका दिवसाच्या पायी वाटचालीच्या आत आहेत, तर त्यांच्या उत्तरेला असलेले चाकण हे जुन्नर आणि नाशिककडे जाणाऱ्या मार्गावरचे जुने ठाणे आहे. या चार ठिकाणांच्या आधाराने फुलवाले, पेढेवाले, तुळशीमाळा करणारे, खानावळी चालवणारे, गाडीवान, धर्मशाळांचे कारभारी, मंगल कार्यालयांचे चालक आणि अलीकडच्या काळात लॉजमालक व पर्यटन बसचे व्यावसायिक अशी एक लांब साखळी उभी राहिली. बाहेरून येणाऱ्या माणसाच्या मुक्कामावर, जेवणावर, वाहनावर आणि खरेदीवर ज्यांचे उत्पन्न अवलंबून असते, त्या सर्व उद्योगांना प्रस्तुत लेखात ‘यात्रा-व्यवसाय’ असे म्हटले आहे.

या व्यवसायाचा इतिहास पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते. युद्ध, साथ किंवा सरकारी हुकूम यांमुळे वाट बंद झाली, की प्रवासी थांबतो. आणि वाट खुली झाली, की श्रद्धेच्या किंवा कामाच्या ओढीने तो परत येतो. त्याला पाणी, भाकरी आणि निवारा देणारा माणूस मात्र त्याच सहजतेने परत येत नाही, कारण मधल्या काळात त्याचे भांडवल संपलेले असते आणि त्याने धंदा बदललेला असतो. त्यामुळे प्रवास पूर्ववत होणे आणि पाहुणचार पूर्ववत होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पहिली आपोआप घडली तरी दुसरीला आधार द्यावा लागतो. तो आधार कोणत्या काळात कोणी, कोणत्या स्वरूपात दिला, याचा शोध घेतला असता २०२० नंतरच्या उपाययोजनांचे मोलही अधिक नेमकेपणाने ठरवता येते.

इनाम आणि वर्षासन यांचा काळ

चिंचवडचे महत्त्व मोरया गोसावी या गणेशभक्त सत्पुरुषामुळे वाढले. पवनेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि त्यांच्या वंशातील पुरुषांना ‘देव’ म्हणून मान मिळत गेला. चिंचवडहून भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत मंगलमूर्तींची पालखी मोरगावला जाते. या नियमित येण्याजाण्यामुळे वाटेवरच्या गावांना पाहुणचाराची सवय आणि काही प्रमाणात उत्पन्नही मिळाले. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनातून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या देव घराण्याचा राज्यसंस्थेशी असलेला संबंध सविस्तर मांडला असून, राजवटी बदलल्या तरी देवस्थानाचे हक्क पुन्हा पुन्हा मान्य करून घेण्याची परंपरा त्यातून दिसते.

या परंपरेचा आर्थिक पाया इनाम हा होता. इनाम म्हणजे एखाद्या गावाचा किंवा जमिनीचा सारा सरकारने स्वतः न घेता देवस्थान, विद्वान किंवा सेवेकरी यांच्याकडे वळवणे; आणि ज्या लेखी आज्ञेने हा हक्क दिला जाई ती सनद. याच्या जोडीला वर्षासन ही पद्धत होती, ज्यात सरकारी तिजोरीतून किंवा एखाद्या महालाच्या, म्हणजे महसुली विभागाच्या, उत्पन्नातून दरवर्षी ठरावीक रक्कम अथवा धान्य दिले जाई. देहूच्या संस्थानाकडेही देहू, किन्हई आणि येलवाडी या गावांचे इनाम होते. अशा उत्पन्नातून नैवेद्य, नंदादीप आणि अन्नदान चालत असल्याने एखाद्या वर्षी पाऊस रुसला किंवा सैन्याच्या हालचालींमुळे यात्रा रोडावली, तरी यात्रेकरूची व्यवस्था पाहणारी यंत्रणा मोडून पडत नसे. पाहुणा आला नाही त्या वर्षीही पाहुणचार करणारा टिकून राहावा, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होता.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. इनामाचे उत्पन्न शेतकऱ्याच्या साऱ्यातूनच येत असे, ते काही घराण्यांच्या हाती एकवटत असे, आणि देवळाच्या व अन्नछत्राच्या व्यवहारात जातीचे निर्बंध कठोर होते. यात्रेच्या वाटेवर माळा विकणारी किंवा बैलगाडी हाकणारी माणसे या सनदांमध्ये कोठेही नावाने येत नाहीत. त्यांना मिळणारा लाभ संस्थानाच्या स्थैर्यातून झिरपत येणारा होता. तरीही दीर्घ मुदतीची, परतफेडीची अट नसलेली आणि यात्रेच्या पंचांगाशी जोडलेली मदत, हे या काळाचे वैशिष्ट्य पुढील सर्व तुलनांसाठी महत्त्वाचे आहे.

युद्धकाळात हाच प्रदेश किती सहज बंद पडू शकतो, हे चाकणने अनुभवले. १६६० साली शाएस्ताखानाच्या फौजेने चाकणचा भुईकोट, म्हणजे संग्रामदुर्ग, वेढला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला. मार्गावरचे ठाणे वेढ्यात सापडले म्हणजे त्या मार्गाने होणारी व्यापाऱ्यांची आणि यात्रेकरूंची ये-जा वळणे किंवा थांबणे हे ओघानेच येते. चाकण पुढे पुन्हा बाजारगाव म्हणून उभे राहिले आणि कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेने त्याचे नाव दूरवर नेले.

दिंडी : यात्रेकरूंनी उभारलेली संघटना

परंपरेनुसार तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास देहूहून पंढरपूरला जाणारा पालखी सोहळा सुरू केला. ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांच्या पादुका एकत्र घेऊन जाणारा हा सोहळा पुढे विभागला गेला आणि १८३० च्या दशकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा आजच्या शिस्तबद्ध स्वरूपात मांडला. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या सेवेत असल्याने त्यांना लष्करी तळाची शिस्त परिचित होती, आणि दिंड्यांचे क्रम, चोपदारांचे अधिकार व मुक्कामांची आखणी यांत ती शिस्त उतरली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी या सोहळ्याला घोडे आणि तंबू पुरवले. अंकली हे गाव आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असले तरी तेथून मानाचे अश्व आळंदीपर्यंत चालत येण्याची प्रथा कायम आहे.

पेशवाई १८१८ साली संपल्यानंतर आणि इनामांची कसून तपासणी करणारे ब्रिटिशांचे इनाम कमिशन कामाला लागण्याआधी ही मांडणी झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राज्यसंस्थेचा आश्रय आटत असताना यात्रेकरूंनी स्वतःची संघटना उभारली. दिंडी म्हणजे एका फडाच्या किंवा गावाच्या वारकऱ्यांचा गट. तो आपला शिधा, स्वयंपाकी, राहुट्या आणि वाहने यांची सोय स्वतःच्या वर्गणीतून करतो. आळंदीतील गावोगावच्या आणि समाजासमाजाच्या धर्मशाळा याच वृत्तीतून उभ्या राहिल्या. १९१७ साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केल्यावर कीर्तन-प्रवचनाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा कायमचा निवास तेथे सुरू झाला आणि आळंदीच्या अर्थव्यवस्थेला आषाढी-कार्तिकीच्या पलीकडे बारा महिने टिकणारा एक आधार मिळाला.

दिंडीच्या संघटनेचा एक परिणाम मात्र स्थानिक व्यावसायिकांच्या दृष्टीने नाजूक होता. वारकरी आपली शिदोरी बरोबर आणतो, त्यामुळे त्याच्याकडून होणारा खर्च थोडा असतो आणि तो प्रसाद, बुक्का, अष्टगंध, तुळशीमाळ, टाळ, पखवाज व वीणा अशा ठरावीक वस्तूंवर होतो. गर्दी लाखांची असली तरी प्रत्येक दुकानाची कमाई लहान असते आणि ती वर्षातील मोजक्या तिथींना एकवटलेली असते. आळंदीची कार्तिक वद्य एकादशी, ज्ञानेश्वरांच्या समाधीचा कार्तिक वद्य त्रयोदशीचा सोहळा, देहूची फाल्गुन वद्य द्वितीया म्हणजे तुकाराम बीज आणि आषाढातील प्रस्थान, एवढ्या दिवसांच्या कमाईवर अनेक कुटुंबांचे वर्ष निघते. गिरणीतील उत्पादन एक महिना थांबले तर पुढील महिन्यात जादा पाळ्या लावून तूट भरता येते. हुकलेली एकादशी मात्र वर्षभर परत येत नाही. यात्रा-व्यवसायाची खरी दुर्बलता येथे आहे.

आगगाडी, साथ आणि १८९७ चा कायदा

१८३० साली सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू होऊन चिंचवड आगगाडीच्या नकाशावर आले. १८६३ साली घाटातील मार्गही पूर्ण झाल्यावर मुंबईचा यात्रेकरू एका दिवसात चिंचवडला पोहोचू लागला. त्याच्याही अर्धशतक आधी, १८०९ मध्ये, मारिया ग्रॅहॅम या इंग्रज लेखिकेने चिंचवडला भेट दिली होती आणि १८१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात तेथील देवांविषयी लिहिले होते. कुतूहलापोटी येणारा परदेशी प्रवासी या पट्ट्याला तेव्हापासून परिचित आहे. आगगाडीने यात्रेची व्याप्ती वाढवली, पण त्याचबरोबर प्रवास एका ठिकाणी अडवण्याची सोयही सरकारच्या हाती दिली. पायवाटा असंख्य असतात आणि त्या सगळ्या रोखता येत नाहीत. स्थानक मात्र एकच असते.

या सोयीचा वापर ब्युबॉनिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाठीच्या प्लेगच्या साथीत झाला. १८९६ साली मुंबईत दिसलेली ही साथ पुण्यात पसरली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. अवघ्या काही कलमांच्या या कायद्याने आगगाडीने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे अधिकार सरकारला दिले. त्याच वर्षी मुंबई बंदरातून होणारी हज यात्राही थांबवण्यात आली, कारण युरोपातील राष्ट्रांना हिंदुस्थानातून जाणाऱ्या जहाजांमार्फत प्लेग पसरण्याची धास्ती वाटत होती. सीमाबंदी हा शब्द रूढ होण्यापूर्वीच तिचे दोन्ही प्रकार, म्हणजे देशांतर्गत अडवणूक आणि समुद्रमार्गाची अडवणूक, अशा प्रकारे एकाच वर्षी या भागातील लोकांनी पाहिले.

पुण्यातील प्लेग-प्रतिबंधक मोहिमेत घरझडत्यांची जी सक्ती झाली, तिचा संताप चिंचवडच्याच चाफेकर बंधूंच्या हातून व्यक्त झाला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिन्ही भावांना पुढे फाशी झाली. चिंचवडमध्ये आज त्यांचे स्मारक आहे. राजकीय इतिहासात या घटनेचे स्थान मोठे आहेच. प्रवासाच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा धडा असा, की रोग रोखण्याचे उद्दिष्ट रास्त असले तरी ज्यांच्यावर निर्बंध लादले जातात त्यांना विश्वासात न घेता, त्यांच्या नुकसानीची दखल न घेता केलेली बंदी लोकांच्या मनात खोल जखम करून जाते. १८९७ च्या कायद्यात प्रवास रोखण्याचे अधिकार स्पष्ट शब्दांत होते, परंतु प्रवासावर जगणाऱ्यांसाठी भरपाईची तरतूद नव्हती. हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, तेव्हाही ती उणीव तशीच होती.

कारखाने आणि नवा पाहुणा

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर वाहन उद्योगाने या परिसराचे रूप पालटले. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका अशी प्रशासकीय वाटचाल करत २०११ च्या जनगणनेपर्यंत शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली. औद्योगिक वसाहतीने यात्रा-व्यवसायाला दोन नवे आधार दिले. पहिला आधार कामगारांच्या वाहतुकीचा होता : आठवडाभर कंपनीच्या पाळ्यांना कामगारांची ने-आण करणारी बस सुट्टीच्या दिवशी अष्टविनायक, भीमाशंकर किंवा शिर्डीच्या सहलीला जाऊ लागली. १९७९ साली प्रदर्शित झालेल्या ‘अष्टविनायक’ या चित्रपटाने आठ गणपतींची एकत्रित यात्रा घराघरांत पोहोचवली आणि अशा सहलींना मोठी चालना मिळाली. चाकणवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता ओझर आणि लेण्याद्रीकडे नेत असल्याने वाटेवरची उपाहारगृहे या सहलींवर वाढली.

दुसरा आधार परदेशी पाहुण्याचा होता. २००९ साली चाकणमध्ये जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने सुरू झाले, त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे उद्योग आले आणि जर्मन, जपानी व कोरियन अभियंत्यांचे येणे नित्याचे झाले. यंत्र बसवण्यासाठी, चाचणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी आठवडे-महिने राहणाऱ्या या पाहुण्यांमुळे चाकण, चिंचवड आणि वाकड परिसरात हॉटेले, अतिथिगृहे, भाड्याच्या मोटारी आणि त्यांच्या चवीचे जेवण देणारी उपाहारगृहे उभी राहिली. अशा रीतीने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात या पट्ट्याचे दोन पाहुणे ठरून गेले होते : जिल्ह्याच्या सीमा ओलांडून पायी, एसटीने किंवा सहलीच्या बसने येणारा वारकरी व भाविक, आणि देशाची सीमा ओलांडून विमानाने येणारा अभियंता. २०२० साली दोन्ही सीमा एकाच आठवड्यात बंद झाल्या.

दुहेरी बंदी : २०२० ते २०२२

२३ मार्च २०२० रोजी राज्यभर संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्यात आल्या, आणि त्याच दिवसापासून देशात येणारी-जाणारी नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली. जिल्हाबंदी म्हणजे परवानगीपत्राशिवाय, ज्याला ई-पास म्हटले गेले, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास मनाई. ही अट महाराष्ट्रात २ सप्टेंबर २०२० पर्यंत राहिली. अष्टविनायकांपैकी पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगड जिल्ह्यात आणि एक तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात असल्याने ही एकच सहल तीन जिल्ह्यांच्या नाक्यांवर अडत होती. लॉज आणि हॉटेलांना ८ जुलै २०२० पासून ३३ टक्के क्षमतेने, तर उपाहारगृहांना ५ ऑक्टोबरपासून ५० टक्के क्षमतेने परवानगी मिळाली. मंदिरे मात्र १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, खुली झाली. मंदिर बंद असताना मंदिराभोवतीच्या खोलीला परवानगी मिळून उपयोग नव्हता, हे आळंदी आणि देहूच्या लॉजमालकांनी त्या काही महिन्यांत अनुभवले.

जून २०२० मध्ये दोन्ही पालख्यांचे प्रस्थान मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले, पादुका मुक्कामी राहिल्या आणि आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी एसटीने पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२१ मध्येही मानाच्या दहा पालख्या, म्हणजे परंपरेने अग्रमान असलेले सोहळे, बसनेच गेल्या. लागोपाठ दोन आषाढ देहूच्या पालखीचा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरातील मुक्काम नेहमीच्या मेळ्याविना गेला आणि आळंदीपासून दिघीमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फराळाची, चहाची, चपलांच्या दुरुस्तीची दुकाने लागली नाहीत. आळंदीचा दुसरा मोठा व्यवसाय विवाहांचा आहे. तेथील मंगल कार्यालयांत राज्याच्या अनेक भागांतून जोडपी लग्नासाठी येतात. एप्रिल २०२१ च्या आदेशाने विवाहाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आल्यावर भटजी, आचारी, वाजंत्री, छायाचित्रकार आणि मांडववाले यांचा ऐन लग्नसराईतला हंगाम बुडाला.

वाट उघडण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पर्यटक वगळता बहुतेक परदेशी नागरिकांना येण्याची मुभा दिल्याने कामासाठी येणारा अभियंता विशेष विमानव्यवस्थेतून चाकणला परतू लागला. पर्यटक व्हिसा मात्र १५ ऑक्टोबर २०२१ पासून खास विमानांनी आणि १५ नोव्हेंबरपासून सामान्य विमानांनी येणाऱ्यांना मिळू लागला, आणि नियमित आंतरराष्ट्रीय सेवा २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत झाली. भाविकाची वाट त्याच सुमारास खुली होत असताना एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ ची आळंदीची कार्तिकी यात्रा ग्रामीण यात्रेकरूंच्या मुख्य वाहनाविना पार पडली. म्हणजे या पट्ट्यातील दोन पाहुण्यांपैकी जो अधिक खर्च करणारा आणि संघटित हॉटेलांत राहणारा होता तो आधी परतला, आणि ज्याच्या दहा-वीस रुपयांच्या खरेदीवर सर्वांत लहान दुकाने चालतात तो सर्वांत शेवटी परतला.

आधाराचे स्वरूप

या काळातील मदतीचे तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार कर्जाचा. १ जून २०२० रोजी पथविक्रेत्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत दहा हजार रुपयांचे विनातारण खेळते भांडवल एका वर्षाच्या परतफेडीच्या अटीवर मिळू लागले. लहान उद्योगांसाठीची सरकारी हमीची आपत्कालीन कर्जयोजना मार्च २०२१ अखेरीस पर्यटन व आतिथ्य क्षेत्राला लागू झाली. २८ जून २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी मान्यताप्राप्त प्रवासी संस्थांना दहा लाखांपर्यंत आणि मान्यताप्राप्त प्रादेशिक व अन्य पर्यटक मार्गदर्शकांना एक लाखापर्यंतच्या कर्जाला पूर्ण हमी जाहीर केली; त्यात मार्गदर्शकांची संख्या १०,७०० आणि संस्थांची ९०४ इतकी धरली होती, आणि ती सबंध देशासाठी होती. दुसरा प्रकार सवलतीचा : महाराष्ट्र शासनाने आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी आणि मालमत्ता कर यांची आकारणी औद्योगिक दराने करण्याचे ठरवले. तिसरा प्रकार थेट मदतीचा : एप्रिल २०२१ मधील निर्बंधांच्या वेळी राज्याने नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी दीड हजार रुपये जाहीर केले.

या तिन्ही प्रकारांत एक समान अट आहे आणि ती म्हणजे नोंद. कर्जासाठी विक्री प्रमाणपत्र, हमीसाठी मान्यता, सवलतीसाठी नोंदलेले हॉटेल, थेट मदतीसाठी परवाना. ज्या व्यावसायिकाकडे कागद होता त्याला आधार मिळाला. परंतु कार्तिकीच्या आठवड्यापुरता टाळ-माळांचा गाळा लावणारी बाई, पालखीच्या दिवसांत घरातील दोन खोल्या भाड्याने देणारे कुटुंब, किंवा लग्नाच्या तिथीपुरता आचाऱ्याच्या हाताखाली राबणारा माणूस कोणत्याच यादीत बसत नव्हता. पेशवेकालीन सनदेत ज्यांचे नाव नव्हते त्यांचे वारसदार एकविसाव्या शतकातील यादीतही नव्हते, ही या इतिहासातील सर्वांत बोचरी सलगता आहे.

दुसरा मुद्दा परतफेडीचा आहे. वर्षासन हे यात्रा न भरलेल्या वर्षासाठी सर्वांत उपयुक्त होते, कारण ते परत करायचे नसे. कर्ज हे चालू धंद्याला उपयोगी पडते. ज्याच्या दोन आषाढी आणि दोन कार्तिकी बुडाल्या त्याला बारा समान मासिक हप्ते भरणे जड जाते, कारण त्याचे उत्पन्न बारा महिन्यांत समान वाटलेले नसून चार-पाच तिथींना येते. हप्ता तिथीला जोडला असता, म्हणजे कार्तिकीनंतर आणि बीजेनंतर मोठा व एरवी नाममात्र ठेवला असता, तर तेच कर्ज या व्यवसायाच्या अंगाला बसले असते. पिकाच्या हंगामाप्रमाणे शेतीकर्जाची परतफेड ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रातील सहकारी सोसायट्यांना जुनी आहे. यात्रेलाही हंगाम असतो, हे मान्य करण्याचा तेवढा प्रश्न होता.

वाट उघडल्यानंतर

१४ जून २०२२ रोजी देहूच्या शिळा मंदिराचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि त्यानंतर आठवडाभरात, २० जूनला देहूहून व २१ जूनला आळंदीहून, दोन्ही पालख्या दोन वर्षांच्या खंडानंतर पायी निघाल्या. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातील स्वागत, आकुर्डीचा मुक्काम आणि दिघीच्या रस्त्यावरची गर्दी पूर्वीसारखीच परतली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी महामार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी झाली होती, आणि २०२४ साली राज्य सरकारने प्रत्येक दिंडीला वीस हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले. हे अनुदान परतफेडीचे नाही आणि ते यात्रेच्या तिथीला जोडलेले आहे, म्हणून जुन्या वर्षासनाच्या सर्वांत जवळ जाणारी आधुनिक तरतूद म्हणून त्याकडे पाहता येईल. मात्र ते यात्रेकरूंच्या संघटनेला मिळते. यात्रेकरूंना वाटेत सांभाळणाऱ्या गावकऱ्याला आणि दुकानदाराला मिळत नाही.

प्रवास परतला आणि पाहुणचाराची व्यवस्था मागे राहिली, तर काय घडते याचे दुःखद उदाहरण देहूच्या वरच्या अंगाला, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी दिसले, जेव्हा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल सुट्टीच्या दिवशी जमलेल्या पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. गर्दीचे नियमन, धोक्याची सूचना आणि वाटाड्या या गोष्टी पर्यटकाच्या पाठोपाठ आपोआप येत नाहीत. त्यासाठी त्या गावातील माणसांना वर्षभराचे काम आणि अधिकार द्यावा लागतो. ज्या नदीवर देहू आणि आळंदी ही क्षेत्रे उभी आहेत तिच्या पाण्याचे प्रदूषण हाही पाहुणचाराचाच प्रश्न आहे, कारण आळंदीच्या घाटावर स्नान करणाऱ्या वारकऱ्याला दुकानदार कितीही प्रेमाने बोलावील, तरी नदी त्याला बोलावीत नसेल तर त्याचा मुक्काम लांबणार नाही. कारखान्यांचा पट्टा आणि यात्रेचा पट्टा एकाच पाण्यावर जगतात, म्हणून त्या पाण्याची जबाबदारीही वाटून घ्यावी लागेल.

२०२५ हे ज्ञानेश्वर महाराजांच्या जन्माचे ७५० वे आणि तुकाराम महाराजांच्या वैकुंठगमनाचे ३७५ वे वर्ष होते. साडेसात शतकांच्या या स्मृतीच्या तुलनेत दोन वर्षांची बंदी लहान वाटेल, पण तिथीवर जगणाऱ्या घराला दोन वर्षे लहान नसतात. पुढची साथ, पुढचा पूर किंवा पुढची सीमाबंदी येईल तेव्हा आधार वेळेवर पोहोचावा, यासाठी आजच करण्यासारखे काम साधे आहे : देहू, आळंदी, चिंचवड आणि चाकणच्या स्थानिक संस्थांनी यात्रेच्या दिवसांत जे जे हात राबतात त्या प्रत्येकाची, मग ते आठवड्यापुरते का असेनात, नावानिशी नोंद ठेवावी, आणि बंदीच्या वर्षी त्या नोंदीवर परतफेडीविना ठरावीक रक्कम द्यावी. जुन्या सनदा देवाच्या दिव्यासाठी ‘वंशपरंपरेने’ लिहिल्या जात, कारण दिवा एक दिवसही विझू नये अशी देणाऱ्याची इच्छा असे. त्या दिव्याची वात वळणाऱ्या आणि त्याला तेल आणणाऱ्या हातांसाठी तशीच सनद लिहिणे अजून बाकी आहे.